वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया: सूचनांच्या कागदामागचा इतिहास

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली की आम्ही रुग्णाच्या हातात सूचनांचा कागद ठेवतो. शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे भात-पोळी बंद, तंबाखू बंद, मानसोपचारतज्ज्ञांची भेट, शस्त्रक्रियेनंतर त्याच दिवशी चालायचे, पाणी घोट घोट प्यायचे, व्हिटॅमिनच्या गोळ्या आयुष्यभर. मध्यंतरी एका रुग्णाच्या पत्नीने तो कागद वाचून मला सरळ विचारले, "डॉक्टर, ऑपरेशन तुम्ही करणार, मग एवढे नियम आम्हाला कशाला?"

प्रश्न रास्त आहे. त्या कागदावरची जवळजवळ प्रत्येक ओळ कुणा ना कुणा रुग्णाच्या अनुभवातून आलेली आहे, आणि त्यातले काही अनुभव फार महागात पडलेले आहेत. ओपीडीच्या घाईत हे सांगता येत नाही. तुम्ही किंवा तुमच्या घरातले कुणी या शस्त्रक्रियेच्या तयारीत असाल, तर हा लेख सावकाश वाचा.

सुरुवात लठ्ठपणापासून नाही, कर्करोगापासून करावी लागेल. २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नामध्ये थिओडोर बिलरोथ या शल्यविशारदाने एका ४३ वर्षांच्या बाईच्या जठराचा कर्करोगग्रस्त भाग काढून उरलेले जठर आतड्याला जोडले. रुग्ण वाचलेली अशी ही पहिली शस्त्रक्रिया. शस्त्रक्रियेनंतर या बाईंना काय खायला दिले? पहिले चोवीस तास तोंडाने फक्त बर्फ. दुसऱ्या दिवशी आंबवलेले दूध, आधी तासाला आणि मग अर्ध्या तासाला एक चमचा. बिलरोथने आपल्या पत्रात असेही नोंदवले आहे की बाई समजूतदार आहेत, काही त्रास देत नाहीत, शांत पडून राहतात. कर्करोग पसरलेला असल्यामुळे त्या पुढे चारेक महिन्यांतच गेल्या, पण टाके मात्र टिकले होते.

तुमच्या कागदावर "पहिल्या दिवशी दर पंधरा मिनिटांनी दोन-तीन चमचे पाणी" असे लिहिलेले असते ना, ते याच वंशातले. नव्याने शिवलेल्या जठरावर दाब येऊ द्यायचा नाही, एवढेच त्यामागचे तत्त्व. फक्त "शांत पडून राहणे" हा भाग आम्ही आता पूर्ण उलटा केला आहे. त्याविषयी पुढे.

त्यानंतरची कित्येक दशके जठराच्या शस्त्रक्रिया मुख्यतः अल्सरसाठी होत राहिल्या. अर्धे-पाऊण जठर काढलेले हे रुग्ण नंतर वजनाने फारसे वाढत नाहीत, हे डॉक्टरांच्या लक्षात येत होते. गोड खाल्ले की त्यांना घाम सुटतो, छातीत धडधडते, जुलाब होतात, हेही दिसत होते. यालाच आपण आज डम्पिंग म्हणतो. जठराने थोडे थोडे पुढे सोडायचे अन्न एकदम आतड्यात जाऊन पडते, म्हणून हे होते. पण हा त्रास कुणाला तरी औषध म्हणून उपयोगी पडेल, असे तेव्हा कुणाच्या मनात आले नव्हते.

लठ्ठपणासाठी म्हणून जी पहिली शस्त्रक्रिया रुजली ती जठरावर नव्हे, लहान आतड्यावर होती. १९५४ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातल्या क्रेमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान आतड्याचा कोणता भाग काय शोषतो यावर कुत्र्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. आतड्याचा मोठा भाग वगळला तर चरबी शोषली जात नाही आणि वजन उतरते, हा हिशोब त्यातून पुढे आला. १९६३ मध्ये लॉस एंजेलिसच्या पेन आणि डिविंड यांनी दहा रुग्णांचा अनुभव मांडला. त्यांनी लहान आतड्याचा सुरुवातीचा तुकडा थेट मोठ्या आतड्याला जोडला होता. वजन झपाट्याने उतरले, पण जुलाब थांबेनात आणि शरीरातील क्षार कोलमडले. जोडणी पूर्ववत करावी लागली, आणि ती पूर्ववत करताच वजन परत चढले.

या दुसऱ्या गोष्टीकडे जरा लक्ष द्या. आजही रुग्ण विचारतात, "वजन उतरलं की मग ते पूर्वीसारखं करून देता येतं का?" त्याचे उत्तर साठ वर्षांपूर्वीच मिळाले आहे. शरीर आपले जुने वजन विसरत नाही.

त्याच जोडीने १९६९ मध्ये सुधारित पद्धत मांडली: लहान आतड्याच्या सुरुवातीचे १४ इंच घ्यायचे आणि शेवटच्या ४ इंचांना जोडायचे. म्हणजे सुमारे सहा मीटर लांबीच्या आतड्यापैकी जेमतेम अर्धा मीटर वापरात राहिला. बाकीचे आत तसेच, रिकामे. ही शस्त्रक्रिया त्या काळात हजारो लोकांवर झाली. रुग्ण खूश होते, कारण खाण्यावर काहीच बंधन नव्हते. हवे तेवढे खा, वजन उतरतेच!

हिशोब पुढच्या काही वर्षांत चुकता झाला. वगळलेल्या आतड्यात जिवाणूंची बेसुमार वाढ झाली, सांधे सुजले, अंगावर चट्टे आले. न शोषलेली चरबी कॅल्शियमला धरून बसली, त्यामुळे मोकळे राहिलेले ऑक्सॅलेट रक्तात जाऊन मूत्रपिंडात खडे झाले. सर्वांत वाईट म्हणजे काहींचे यकृत निकामी झाले, आणि हे शस्त्रक्रियेनंतर वर्षांनीही घडू शकत होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस ही शस्त्रक्रिया जवळपास बंद झाली. झालेल्या अनेकांची परत उघडून दुरुस्ती करावी लागली.

मी रुग्णांना ही गोष्ट मुद्दाम सांगतो. "खाण्यावर काहीच बंधन नाही" असे कुणी सांगत असेल तर सावध व्हा, हा एक भाग. दुसरा भाग असा की वजन छान उतरलेला, चेहऱ्याने टवटवीत दिसणारा माणूस आतून बिघडत असू शकतो, आणि ते फक्त रक्ताच्या तपासणीत कळते. वजनकाटा समाधानकारक दिसला की तपासणीला यायचे बंद करणारे रुग्ण मला दरवर्षी भेटतात. खरे तर भेटत नाहीत, हीच अडचण आहे!

आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन यांनी वेगळी वाट धरली. अल्सरच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण बारीक राहतात, ही सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट त्यांनी मनावर घेतली आणि १९६६ मध्ये चिकाशी इटो यांच्यासोबत जठराचा बायपास सुरू केला. जठराचा वरचा छोटा भाग वेगळा करायचा आणि त्याला आतडे जोडायचे. पुढे या जोडणीसाठी स्वित्झर्लंडच्या सेझार रू यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वापरलेली वाय आकाराची रचना स्वीकारली गेली, म्हणून तुमच्या फाइलवर "रू-एन-वाय" लिहिलेले असते. ते त्या डॉक्टरांचे आडनाव आहे. कित्येक रुग्णांना ती एखाद्या औषधाची कंपनी वाटते.

मेसन यांचे मला सर्वांत आवडते ते त्यांचे स्वतःच्याच कामाकडे बघणे. १९८० च्या सुमारास त्यांनी आणखी सोपी शस्त्रक्रिया काढली: जठराची उभी पिशवी शिवायची आणि तिच्या तोंडाशी न ताणणारा पट्टा बसवायचा. आतड्याला हातच लावायचा नाही. ती जगभर लोकप्रिय झाली. पण काही वर्षांनी दिसले की रुग्णांना पोळी-भाजी, मांस असे घट्ट अन्न अडकते, म्हणून ते आईस्क्रीम, मिल्कशेक अशा सहज उतरणाऱ्या गोड पदार्थांकडे वळतात आणि वजन पुन्हा वाढते. ही शस्त्रक्रियाही मागे पडली. मेसन यांनी रुग्णांची नोंदवही सुरू केली, वर्षानुवर्षे माहिती गोळा केली, आणि शंभरी गाठून २०२० मध्ये ते गेले.

आपल्याकडे आईस्क्रीमच्या जागी आमरस, श्रीखंड, बासुंदी आणि दुधातला शिरा घाला. छोट्या जठरातून हे सगळे विनातक्रार खाली उतरते. त्याहून अडचणीची आहे ती प्रेमाने केलेली भाताची पेज. आजारी माणसाला पेज द्यावी हे आपल्या घरोघरी ठरलेले, आणि सुरुवातीच्या पातळ आहारात ती चालतेही. पण पेजेत प्रोटीन जवळजवळ नसते. या शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रोटीन पोटात जायला हवे, तेही एवढ्याशा पिशवीतून. म्हणून ताक, मुगाचे कढण, गाळलेले वरण, नंतर पनीर, अंड्याचा पांढरा भाग, मऊ मासे, आणि गरज असेल तर प्रोटीन पावडर. ताटात प्रोटीन आधी, भात शेवटी, जागा उरली तर. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळायला लागतात तेव्हा शाम्पू बदलण्याआधी प्रोटीन आणि लोह मोजा. बहुतेकांचे केस पुढे परत येतात.

आता तयारीच्या बाजूकडे वळू. "मानसोपचारतज्ज्ञांकडे कशाला, मी काय वेडा आहे?" हा प्रश्न तर ठरलेलाच. मार्च १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद घेतली. शस्त्रक्रिया कुणावर करावी हे तिथे ठरले: बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत गंभीर आजार. एकटा सर्जन पुरेसा नाही, फिजिशियन, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनीही रुग्ण पाहावा आणि देखरेख आयुष्यभर चालावी, हेही तेव्हाच सांगितले गेले. मागच्या वीस वर्षांचे चटके त्या परिषदेसमोर होते. ताण आला की खाणे हाच ज्याचा आधार आहे, त्याचा तो आधार आम्ही एका दिवसात काढून घेतो. त्या जागी काय येणार, हे आधी बोलून घेतलेले बरे. दारू येऊ शकते, आणि बायपासनंतर दारू फार लवकर चढते.

त्या परिषदेचे आकडे आपल्या लोकांना तंतोतंत लागू होत नाहीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये स्वतःचेच शरीर उदाहरण म्हणून छापले होते. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! भारतीय माणूस काट्यावर बारीक दिसूनही आत चरबी बाळगून असतो आणि मधुमेह त्याला लवकर गाठतो. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी जुने निकष बदलले, त्यात आशियाई लोकांसाठी २७.५ पासून विचार करावा असे म्हटले आहे. विम्याच्या पॉलिसीतल्या लठ्ठपणाच्या कलमात मात्र अजून ४० आणि ३५ हेच आकडे असतात. खर्चाचे गणित मांडण्याआधी ते कलम वाचून घ्या.

दोन आठवड्यांचा तो नकोसा आहार कुठून आला? तो दुर्बिणीमुळे आला. भारतात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईत दुर्बिणीने पित्ताशय काढले, आणि तिकडे कॅलिफोर्नियात विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी १९९४ मध्ये दुर्बिणीने केलेल्या जठराच्या बायपासचा अनुभव प्रसिद्ध केला. एक हात लांब छेद गेला, छोटी छिद्रे आली. पण पोट उघडून काम करताना यकृत हाताने बाजूला धरता येत असे. दुर्बिणीत ते एका बारीक दांडीने उचलावे लागते. लठ्ठ व्यक्तीचे यकृत चरबीने सुजलेले, जड आणि ठिसूळ असते आणि त्याचा डावा भाग नेमका जठराच्या वरच्या टोकावर पसरलेला असतो. ते उचलताना फाटून रक्त येऊ शकते. यकृतात साठलेल्या प्रत्येक ग्रॅम साखरेसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. दोन आठवडे पिष्टमय पदार्थ आणि उष्मांक कमी केले की हा साठा आणि काही चरबी उतरते आणि यकृत आकसते. म्हणून हा आहार तुमच्या वजनासाठी नाही, आमच्या नजरेसमोरचा पडदा दूर करण्यासाठी आहे. आदल्या रविवारी "आता शेवटचंच" म्हणून झालेली मेजवानी आम्हाला पडद्यावर दिसते, बरे का.

तंबाखूबद्दल जास्त सांगत नाही. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, टाके भरत नाहीत आणि जोडणीवर अल्सर होतो. किमान सहा आठवडे आधी बंद, आणि नंतरही बंदच. बायकांना "तंबाखू खाता का" विचारले की नाही म्हणतात, मिश्री लावता का विचारले की हो म्हणतात. मिश्री म्हणजे तंबाखूच. घोरण्यासाठी झोपताना लावायचे सीपॅप यंत्र घरी असेल तर ते रुग्णालयात सोबत आणा. वजनाची किंवा मधुमेहाची आठवड्याची इंजेक्शने सुरू असतील तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा, कारण त्यांनी जठर रिकामे व्हायला उशीर लागतो आणि उपाशी असूनही पोटात अन्न राहू शकते.

मग शस्त्रक्रिया होते, आणि संध्याकाळी नर्स येऊन म्हणते, "चला, उठा." नातेवाईक चिडतात. "आत्ता तर ऑपरेशन झालंय!" शिकागोच्या एमिल रीस यांनी १८९९ मध्येच लिहिले होते की रुग्णांना लवकर उठवले तर ते लवकर बरे होतात. कुणी ऐकले नाही. पुढची चाळीस वर्षे रुग्ण दोन-दोन आठवडे पलंगावर झोपून राहिले आणि त्यातल्या काहींच्या पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुफ्फुसात गेली. १९४० च्या दशकात डेट्रॉइटचे डॅनियल लाइटहाउझर हट्टाने रुग्णांना चालवू लागले, आणि महायुद्धात खाटा कमी पडल्यामुळे इतरांनाही ते करणे भाग पडले. १९९० च्या दशकात डेन्मार्कच्या हेन्रिक केहलेट यांनी या सगळ्याची शिस्तबद्ध पद्धत केली. वजन जास्त असलेल्यांना गुठळीचा धोका मुळातच जास्त. म्हणून ते चालणे, ते पायातले मोजे, पोटावरची ती छोटी इंजेक्शने. ती घरी गेल्यावर सांगितले तितके दिवस घ्यायची, "दुखत नाही, आता कशाला" म्हणून सोडायची नाहीत.

स्लीव्ह, म्हणजे जठराचा पाऊण भाग काढून केळ्यासारखी नळी ठेवणे, ही आज सर्वाधिक होणारी शस्त्रक्रिया तर जवळजवळ योगायोगाने जन्मली. फार जड रुग्णांना मोठी शस्त्रक्रिया एकदम झेपत नाही म्हणून २००० नंतर न्यूयॉर्कमध्ये ती दोन टप्प्यांत होऊ लागली: आधी जठर, काही महिन्यांनी आतडे. कित्येकांचे वजन पहिल्या टप्प्यातच इतके उतरले की दुसऱ्याची गरज उरली नाही. मात्र काढलेला भाग परत बसवता येत नाही, आणि काहींना नंतर आम्लपित्ताचा त्रास होतो. हे सही करण्याआधी विचारून घ्या.

मधुमेहींसाठी सर्वांत मोठी बातमी १९९५ मध्ये आली. नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिल येथील वॉल्टर पोरीज यांनी बायपास केलेल्या ६०८ रुग्णांचा आढावा छापला. त्यात मधुमेह असलेल्या १४६ जणांपैकी १२१ जणांची साखर औषधाविना नॉर्मल राहिली होती. आणि साखर उतरायला वजन उतरण्याची वाट पाहावी लागली नव्हती, ती काही दिवसांतच उतरे. आतड्यातून सुटणारी संप्रेरके बदलतात म्हणून हे होते. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००७ मध्ये आले: शस्त्रक्रिया न केलेल्या २,०३७ जणांत १२९ मृत्यू, केलेल्या २,०१० जणांत १०१. आनंदाची गोष्ट आहे, पण तिची एक धोक्याची बाजू आहे. घरी गेल्यावर जुन्या चिठ्ठीप्रमाणे इन्सुलिन आणि मधुमेहाच्या गोळ्या घेतल्या तर साखर धोकादायक खाली जाईल. रक्तदाबाच्या गोळ्यांचेही तेच. डिस्चार्जच्या कागदावरचे नवे डोस पाळा, जुनी पाकिटे कपाटातून काढून टाका. अंगदुखीला दुकानातून आणलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्याही नकोत, त्यांनी जोडणीवर अल्सर होतो.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत घरी नाडी मोजायला शिका. टाक्यातून गळती झाली तर ताप किंवा पोटदुखी नंतर येते, नाडी आधी धावते. शांत बसलेले असताना ती १२० च्या आसपास राहिली, श्वास लागला, डावा खांदा दुखू लागला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात या.

शेवटचा मुद्दा उलटीचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जावा बेटावर क्रिस्तियान आइकमान यांना दिसले की पॉलिशचा पांढरा भात खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडतात, आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की उभ्या राहतात. कोंड्यातल्या त्या घटकाला आपण आज थायामिन, म्हणजे बी-१, म्हणतो. बी-१२ चा साठा शरीरात वर्षानुवर्षे पुरतो (शाकाहारी लोकांत तो मुळातच कमी, म्हणून शस्त्रक्रियेआधीच तपासतो), पण थायामिनचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. शस्त्रक्रियेनंतर सतत उलट्या होत राहिल्या तर तो संपतो. डोळ्यांपुढे दोन-दोन दिसू लागते, तोल जातो, माणूस गोंधळतो. अशा वेळी लोक जवळच्या दवाखान्यात जाऊन ग्लुकोजचे सलाइन लावून घेतात. ग्लुकोज जाळायला शरीराला थायामिन लागते, त्यामुळे उरलेसुरलेही संपून मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

म्हणून तुमच्या पाकिटात आम्ही दिलेले कार्ड कायम ठेवा. दोन दिवसांहून जास्त उलट्या झाल्या तर आम्हाला फोन करा. गावी असाल, प्रवासात असाल, तर तिथल्या डॉक्टरांना कार्ड दाखवून सांगा, "माझं वजनाचं ऑपरेशन झालंय, सलाइनच्या आधी बी-१ चं इंजेक्शन द्या." ते वाक्य घरातल्या आणखी एकाला पाठ करून ठेवा, कारण त्या वेळी तुम्ही ते बोलू शकाल याची खात्री नसते.